दिवाणाच्या आतला गाळ

बदलापूर (प.),
१२ फेब्रुवारी २००६

आदरणीय व्याही हरिचंद्रराव यांस,
नरेंद्रचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. विहीणबाईंचा गुडघा, तुमचा खोकला आणि तुमच्या डेपोसमोरचा खड्डा, तिघांचीही विचारपूस करतो. प्रीती आल्यागेल्याला वेळेवर चहा देत असेल, अशी आशा आहे (माहेरी तिला चहा आम्हीच द्यायचो). लग्नाला आता दोन महिने होतील. तुम्ही काहीही घेणार नाही म्हणाला होतात, तरी आम्ही हट्टाने एक दिवाण दिला होता. तो कसा आहे? सहज विचारलं.

सोयरीक जुळवताना आमच्या घराच्या विम्याचा विषय मी टाळला होता. मुलीच्या बापाने आधीच रडगाणं लावू नये, असं हिचं म्हणणं. आता लग्न झालं, तेव्हा सांगायला हरकत नाही. हा विमा आम्हाला बदलापूर गावातल्या महेश एजंटाने विकला. ओसरीवर बसून, पोहे खाऊन तो म्हणाला होता, "काका, नदी शंभर पावलांवर हाय. तुमी इमा नाय घेनार तर कोन घेनार?" मला ते पटलं. सव्वीस जुलैला उल्हास नदी ती शंभर पावलं चालून आली. आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर होतो. पाणी कुठवर चढलं ते दुसऱ्या दिवशी भिंतीवर स्वच्छ दिसलं: विजेच्या बटणांच्या वर चार बोटं, पट्टीने आखावी तशी रेघ. फ्रिज उताणा पडला होता आणि दिवाण स्वयंपाकघराच्या दारात तिरका अडकला होता. मागची भिंत तडकली ती अजून तशीच आहे. ती पावसाळ्याआधी बांधली नाही तर या वर्षी नदीला दाराने यायची गरज पडणार नाही. म्हणून विम्याच्या पैशांवर डोळा.

कंपनीने सांगितलं, सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका. आम्ही हलवलं नाही. दहा दिवस झाले, पंधरा झाले, सर्व्हेअर काही आला नाही. आणि नेमकी त्या रविवारी वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची पाळी आमच्या घरी. (ती आषाढातच लागली होती. पाळी सोडायची नाही, असा आमच्या कॉलनीचा रिवाज आहे. मागे एकांनी प्लास्टर बांधलेल्या पायाने निभावली होती.) ही म्हणाली, "तीस बाया पांढरी लुगडी नेसून येणार. त्यांना काय गाळात बसवू?" मी विमा म्हणालो, ती पाळी म्हणाली. वाद फार चालला नाही. शनिवारी सबंध कॉलनी बादल्या घेऊन आली. भंगारवाला फ्रिज, टीव्ही आणि कपाट घेऊन गेला. चुना मीच कालवला आणि स्टुलावर चढून ती रेघ मीच पुसली. दोन हात दिले. काम चांगलं झालं, सगळे तसं म्हणाले. वाचनही छान झालं.

सर्व्हेअर सोमवारी आला.

त्याने चप्पल बाहेर काढली, इतकं घर स्वच्छ. मग विचारलं, पाणी कुठून आलं, आकाशातून, नदीतून की गटारातून? प्रत्येकाचं कलम वेगळं असतं म्हणे. मी म्हटलं, साहेब, विचारायला थांबलो नाही. मग म्हणाला, खूण दाखवा. मागच्या भिंतीचा तडा दाखवला, तर म्हणाला, "हा जुनापण असू शकतो." हरिचंद्रराव, मी अंबरनाथच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. खूण नसलेला माल मी कधी पास केला नाही. लोक पाया पडायचे, तरी नाही. त्यामुळे त्याचा राग आला असं म्हणता येणार नाही. त्याच्या जागी मीही 'खूण नाही' असंच लिहिलं असतं. तेव्हापासून सहा अर्ज केले. कॉलनीने साक्षीच्या सह्या दिल्या. कंपनी म्हणते, सही ही खूण नव्हे. आता शेवटची तपासणी बुधवारी आहे. महेशला विचारलं, निदान पुढच्या वर्षाचा विमा तरी होईल ना? त्याने पोहे संपवले आणि म्हणाला, "काका, नदी शंभर पावलांवर हाय. तुमाला इमा कोन देनार?"

असो. विहीणबाईंना हिचा जयभीम.

आपला,
नरेंद्र

ता. क. दिवाणाबद्दल सहज विचारलं नव्हतं. तो नवा नाही, पुरातला आहे. सागवानी म्हणून टिकला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्याला बाहेरून पॉलिश करून आणलं. नवा घेण्याची ऐपत त्या वेळी नव्हती आणि रिकाम्या हाताने मुलगी पाठवायला मन होईना. मला याची लाज वाटते. मात्र त्याची गादी उचलून फळ्या काढल्या तर आत गाळाचा पट्टा अजून तसाच आहे. पुराची तेवढीच खूण आता उरली आहे. बुधवारी सर्व्हेअरला तुमच्याकडे विठ्ठलवाडीला घेऊन आलो तर चालेल का? तोवर कृपया आतून पुसू नये.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच प्रीतीचा फोन आला. तिला विचारलं, तेव्हा कळलं की गाळ तुम्हाला लग्नाच्या चौथ्या दिवशीच दिसला होता. तुम्ही तेव्हा कोणाला काही बोलला नाहीत (विहीणबाईंनी नंतर तुमच्याकडून काढून घेतलं आणि प्रीतीला सांगितलं). पाहुणे यायच्या आत घरातल्यांना विहाराकडे फिरायला धाडलंत आणि एकट्याने घासून, डेपोत एसटीला रंग देणाऱ्या हाताने आतून दोन हात पॉलिश मारलंत. सुनेच्या बापाला कोणी हसू नये म्हणून. प्रीतीने फळी उचलून पाहिली. म्हणाली, बाबा, काही म्हणजे काहीच दिसत नाही.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. बुधवारी सर्व्हेअरला मी सांगेन की पाणी आलं होतं, पण आमच्या माणसांनी पुसून टाकलं. तो लिहायचं ते लिहील.

रविवारी सगळ्यांनी जेवायला यावं. मागच्या भिंतीला टेकून मात्र बसू नये.