आईला ताप आहे

आई, परवा माझ्या लेकीच्या सासरची माणसं दिवाळीला येतायत आणि सकाळपासून मी चौथ्यांदा न्हाणीघर पुसून आले. फरशी कोरडी आहे, नळ चकचकतोय, तरी जीव थाऱ्यावर नाही. शेवटी फडकं ठेवलं आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढं एक सांगायचं राहिलंय.

मी नववीत होते. अक्काचा पहिला दिवाळसण. बारामतीहून तिचं पत्र आलं, पाडव्याला आम्ही दोघं येतो, सासूबाईही दोन दिवस राहतील. मी ते तुला वाचून दाखवलं आणि तेव्हापासून तू जेवायलासुद्धा धड बसली नाहीस. अक्काच्या सासरी नळ होता, स्वयंपाकाला ओटा होता, पांढऱ्या फरशीचा संडास होता. आपलं अंथुर्ण्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं ओढा. आजोबांची मेंढरं जाऊन वडिलांनी, म्हणजे दादांनी, ऊस लावला, तरी ओढ्याला जाणं काही सुटलं नव्हतं. "दोन दिसाच्या पावण्यापायी येवढी उस्तवार?" दादा म्हणाले. "ती बाई हाय. तिला तांब्या दिऊन वड्याला धाडू व्हय?" असं म्हणून तू कुदळ उचललीस आणि घरामागं स्वतःच संडासाचा खड्डा खणायला लागलीस. तासाभरानं दादाही गुमान खड्ड्यात उतरले.

गवंड्यानं भिंती उभ्या केल्या, पण पत्र्याचं दार काही येईना. इंदापूरचा वेल्डिंगवाला रोज उद्याचा वायदा करायचा. तू भाकरी थापता थापता मधेच थांबायचीस. "दार न्हाय आलं तर गं?" भिंती सारवून झाल्या की पुन्हा सारवायच्या, डबे घासून झाले की पुन्हा घासायचे. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी तू दचकायचीस. एकदा माझ्या हातून सारवणाचा एक कोपरा राहिला, तर तू पोतेरं माझ्या अंगावर फेकलंस. "सासू तितंच बगंल!" त्या दुपारी मी शाळेजवळच्या पेटीत अक्काच्या नावानं कार्ड टाकलं. 'आईला चार दिवस ताप आहे. सासूबाईंना या वेळी आणू नकोस.' अक्षर चांगलं काढलं होतं.

पाडव्याला अजून पाच दिवस होते. भर दुपारी अंगणात आपला सगळा संसार मांडलेला आहे. फाटक्या वाकळा, जर्मनची वाकडी ताटं, गंजकी पेटी. तू पिपावर उभी राहून कुंचल्यानं चुना देतेयस. पदर खोचलेला, केसांना फडकं, तोंडभर पांढरे शिंतोडे. आणि अक्का "आई!" करत रडत अंगणात येते. तिच्यामागं तिच्या सासूबाई, हातात मोसंब्यांची पिशवी. आजारी विहिणीला भेटायला पुढची एसटी धरून आल्या होत्या. "अवो, ताप हाय न्हवं तुमाला? मग वर कशाला चढलाय?"

तू आधी माझ्याकडं पाहिलंस. मी मान खाली घातली. एवढ्यावरून तुला कळलं असणार. "हाय की," तू म्हणालीस, "आज जरा उतरलाय म्हून..." आणि उतरताना चक्क भिंतीला धरून चक्कर आल्यासारखं केलंस. त्यांनी तुला हाताला धरून बाजेवर निजवलं, पदर खोचला आणि तुझ्या हातातला कुंचला घेतला. तू पांघरूण घेऊन पडलेली, आणि आत दुसरी बाई तुझे डबे उघडतेय. प्रत्येक झाकणाच्या आवाजाला तू डोळे मिटायचीस. मला जवळ बोलावून कुजबुजायचीस, "फुटकी बरणी लपीव. चूल बगितली का गं त्यांनी?"

संध्याकाळी जे व्हायचं ते झालं. सासूबाईंना संडासला जायचं होतं आणि दार नव्हतंच. मी चौकटीसमोर दादांची घोंगडी ताणून उभी राहिले, तोंड फिरवून, लाजेनं रडकुंडीला आलेली. आतून हसण्याचा आवाज आला. "घट धर गं बाय, वारं सुटलंय!" बाहेर येऊन त्या हात धूत तुला म्हणाल्या, "नवं कोरं बांदलं की! माज्या म्हायेरी, पिंपळीला, अजून न्हाय. आमी जातो तांब्या घिऊन." तू तोंडावरून पदर ओढलास. खाली तू हसत होतीस की रडत होतीस, मला कळलं नाही. दोन दिवसांसाठी येणारी बाई पाडव्यापर्यंत राहिली आणि करंज्या तिनंच तळल्या.

ती माणसं गेल्यावर तू चुलीपाशी मला विचारलंस, "कार्ड तू टाकलंस न्हवं?" मी म्हटलं, व्हय. "का गं?" मी म्हणाले, "तुझं हाल बगवत न्हवतं." मग राखेचा हात लुगड्याला पुसून माझ्या डोक्यावर ठेवलास. पुढं आयुष्यभर तू हे सगळ्यांना सांगितलंस. शेजारणींना, मावशीला, माझ्या सासूलासुद्धा. "लई मायेची पोर. माजं कष्ट बगून तिनं खोटं कार्ड धाडलं." दर वेळी मी शेजारी बसून ऐकून घेतलं.

आई, मला तुझी दया आली नव्हती. अक्काच्या सासूनं तुला बघू नये, एवढंच मला वाटत होतं.