टॉबिनचे सतरा पास आणि भिजलेली वही

आदरणीय लायल यांस, आर्विडचा गोठलेल्या तळ्याकाठून नमस्कार.

(‘आदरणीय’ वाचून दचकू नकोस. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहेस, आणि मार्लिस म्हणते, सत्तरी ओलांडल्यावर तरी चुलतभावाला मानानं लिहावं.) तुझा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तो खूश असेल. इथे विस्कॉन्सिनमध्ये पारा शून्याखाली उतरून मुक्कामालाच राहिलाय. माझी तब्येत ठीक आहे. ऐकू जरा कमी येतं, आणि मार्लिस बोलत असली की आणखी कमी.

तर आमच्या टॉबिनबद्दल. (माझ्या लेकीचा, कॅरनचा मुलगा. तू पाहिलास तेव्हा तो तुझ्या टोपीत ओकला होता.) तो आता आपल्याच कॉलेजकडून बास्केटबॉल खेळतो, शेवटचं वर्ष आहे. जूनमध्ये मोठे संघ ड्राफ्टमध्ये नवी पोरं निवडतील. दोन फेऱ्या, साठेक नावं, आणि आपल्या कॉलेजचं नाव त्यात आजवर एकदाही आलेलं नाही. यंदा येईल की नाही, यावरून गावात उभे तट पडलेत. पाद्रीबुवा म्हणतात, दुसऱ्या फेरीत नक्की. पोस्टातली इर्मा म्हणते, पहिल्या. (ती त्याची आत्या आहे.) आणि क्लीटस न्हावी म्हणतो, पोरगा उडी मारतो तेव्हा त्याच्या बुटांखालून वर्तमानपत्रसुद्धा सरकवता येत नाही, त्याला कोण घेतंय!

उडीचं मी मान्य करतो. पण पास! मान एकीकडे, डोळे दुसरीकडे, आणि चेंडू तिसऱ्याच्या हातात, तोही बास्केटखाली मोकळा उभा असलेल्याच्या. जानेवारीत एका सामन्यात त्याच्या सतरा पासांवर सतरा बास्केट झाल्या. कॉलेजातल्या विक्रमांच्या पाटीवर १९७१ पासून तुझे सोळा होते, ते मोडले. तीस वर्षं तू मोठ्या संघांसाठी असलीच पोरं हुडकत फिरलास, तेव्हा सतराचा अर्थ तुला मी काय सांगणार? आणि हे मी वशिल्यासाठी लिहीत नाहीये. (तुझा एक फोन अजून चालतो, हे मला ठाऊक आहे, एवढंच.)

घोळ झाला तो तळ्याच्या बर्फावर मासे धरायला बांधलेल्या खोपटात. मी, क्लीटस आणि पाद्रीबुवा बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून बसलो होतो. क्लीटस म्हणाला, “अरे, वही लिहायला आजोबा बसला की माझी आईसुद्धा सतरा पास देईल, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली!” लायल, मी पन्नासच्या वर वर्षं त्या टेबलाशी बसून सामन्यांची वही लिहितोय. कुठला पास मोजायचा नि कुठला नाही, हे ठरवणं माझ्या पेन्सिलीच्या हातात आहे, आणि ती कुणाची मिंधी नाही. घरी जाऊन मी आणि मार्लिसनं त्या सामन्याची फिल्म तीनदा पाहिली. तिन्ही वेळा सतराच. (चौथ्यांदा पाहायला मार्लिसनं नकार दिला.)

दुसऱ्या दिवशी मी १९७१ची वही काखेत मारून खोपटात गेलो. म्हटलं, “हे बघ! सख्ख्या चुलतभावालासुद्धा एक पास जास्त दिला नाही मी!” क्लीटसनं ती हिसकली, मी ओढली, तेवढ्यात त्याच्या गळाला मासा लागला, आणि मासा, वही, मी असा क्रम लावायची वेळ आल्यावर त्या माणसानं मासा धरला. वही भोकात. पाद्रीबुवांनी कोपरापर्यंत हात घालून ती काढली आणि जे उद्गार काढले, ते रविवारी ऐकायला मिळत नाहीत.

मग स्वयंपाकघरात दोरी बांधून मी एकेक पान वाळवलं, आणि लायल, तो सगळा हिवाळा परत आला रे! मक्याच्या लाह्यांचा वास, काकांचा ट्रॅक्टर बाहेर चालूच ठेवलेला (बंद केला तर सकाळपर्यंत सुरू होत नसे), तुझे कापडी बूट, डाव्याची नाडी नेहमी सुटलेली. आणि तो हॅटवाला, मोठ्या संघाचा माणूस, तुझ्यासाठी एवढ्या बर्फातून आलेला. सामना संपल्यावर त्यानं माझ्या टेबलाशी येऊन वही पाहिली. “सोळा? असे पुष्कळ आहेत,” म्हणाला आणि गेला. तू दारात उभा होतास. मला त्या दिवसांची फार आठवण येते. तुझीही येते.

मार्लिसचा नमस्कार.

तुझा,
आर्विड

ता.क. १ : कार्यक्रमपत्रिकेत टॉबिनची उंची सहा फूट सहा छापली आहे. ती बूट घालून. कुणी विचारलंच तर बूट काढायला लावू नये.

ता.क. २ : तुझं पान वाळल्यावर मी खिडकीच्या उजेडात धरलं. तुझ्या नावापुढे सोळा रेघा आहेत, आणि त्यांच्यापुढे दोन खोडलेल्या. मी विसरलो होतो, असं लिहायला आवडलं असतं. पलीकडच्या कॉलेजचा वही लिहिणारा शेजारी बसून म्हणाला होता, “चुलतभाऊ ना तुझा?” आणि मी खोडरबर घेतला. दोन्ही पास खरे होते. मी त्याला आजवर प्रामाणिकपणा म्हणत आलो. मी घाबरलो होतो, लायल. हॅटवाल्यानं अठरा वाचायला हवे होते. मला माफ कर.

ता.क. ३ : काल शिडीवर चढून पाटी बदलली. (शिडी क्लीटसनं धरली होती.) लायल स्टेनरूड, अठरा. म्हणजे टॉबिनचा विक्रम गेला, आणि ड्राफ्टमधली त्याची किंमतही माझ्याच हातानं घसरली. त्याला सांगितलं, तर म्हणाला, “बरं केलंत आजोबा. आता शेवटच्या सामन्यात एकोणीस.”

ता.क. ४ : तो सामना चोवीस तारखेला, शनिवारी आहे. फोन कुणालाच करू नकोस. तू ये. टेबलाशी माझ्या शेजारी खुर्ची ठेवली आहे, पेन्सिलही टोक करून ठेवली आहे. ती तू धर. आपलं माणूस खेळत असलं की माझा हात आखडतो.