पहिल्या कॅमेऱ्याची वायर

मामा, काल जोतिबाच्या पायथ्याशी एका लग्नाचं काम होतं आणि मिक्सरवर मी एकटीच होते. आधी हेडफोन लावला, भटजींचा माइक, सनई, कॅमेऱ्यांचे आवाज एकेक करून ऐकले आणि मगच चहाला हात लावला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण तुम्ही लावलेली ही शिस्त सुटलेली नाही. लग्न होऊन मी तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाईमाणसानं मांडवात वायरी वडत बसायचं व्हय?" तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "वायरी मी वडतो की. ती मिक्सरवर बसंल." माझ्यासाठी घरात असं कुणी बोलेल, असं मला वाटलं नव्हतं.

आणि त्याच मिक्सरवर मी तुमचं नाव घालवलं. पेठ वडगावचं लग्न. नवरीची आजी मंगलाष्टका म्हणणार होती आणि परदेशातला भाऊ ते तिकडे घरबसल्या लाइव्ह बघणार होता. आजीचा माइक पहिल्या कॅमेऱ्याला जोडलेला. मिक्सरवर तो आवाज कायम चालू ठेव, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मी तो कॅमेऱ्याबरोबरच जाऊ दिला, म्हणजे पडद्यावर पहिला कॅमेरा असेल तोवरच आजी ऐकू येणार. मीटरचे हिरवे दिवे झकास नाचत होते, हॉलच्या स्पीकरमधून आजी खणखणीत ऐकू येत होती, आणि हेडफोन माझ्या गळ्यात. अक्षता टाकणारे पाहुणे, डोळे पुसणारी नवरीची आई, मी हौसेनं कॅमेरे बदलत राहिले आणि दर वेळी तिकडे आजीचा आवाज गडप होत राहिला.

भावाचा फोन आला आणि नवरीचे वडील तरातरा आमच्याकडे आले. "ओ पावणं, आमच्या आईचा आवाज तुटतोय! काय लावलंय हे?" मी पटकन म्हणाले, "वायर लूज असंल." तुमची वायर! जिचा प्रत्येक जोड तुम्ही स्वतः डाग देऊन पक्का करायचात आणि जिच्यावर कोल्हापुरातले लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे. तुम्ही वाकून मिक्सरकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि त्या माणसासमोर हात जोडलेत. "चूक माझी. वायर माझीच हाय."

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन आजींच्या घरी गेलात. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. "म्हणतो की परत! त्याला काय हुतंय?" म्हणाल्या, पदर सारखा केला, आणि पंखा बंद, कुकर उतरवलेला, अशा त्या शांत स्वयंपाकघरात सगळ्या मंगलाष्टका म्हणतात. हेडफोन माझ्या कानावर आहे. आजी श्वास कुठे घेतात, शेवटच्या ओळीला नातीच्या आठवणीनं आवाज कुठे कापतो, सगळं मला ऐकू येतंय. आवाज ऐकणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. तोच आवाज तुम्ही चित्रावर बसवून दिलात.

परतताना हातकणंगल्याला चहाला थांबलो. बशीत चहा ओतत तुम्ही म्हणालात, "वायर मी लग्नाच्या सकाळीच तपासलेली. आवाज डोळ्यानं बघतीस व्हय गं? आधी कानानं ऐकायचं, मग दिवं बघायचं." बस, एवढंच. मी चूक कबूल करावी म्हणून तुम्ही थांबला नाहीत, आणि मीही केली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिक्सरवर मलाच बसवलंत. आज माझं स्वतःचं काम आहे, लोक मला बोलावून नेतात, ते त्या दुसऱ्या दिवसामुळे. मी तुमची फार ऋणी आहे, मामा.

पण तुमच्या मुलाला अजून वाटतं की वायर खराब होती. घरात ती चेष्टाच होऊन बसली आहे. काल माइक जरा खरखरला तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "आली बघा बाबांची वायर!" सगळे हसले.

आता ते बाहेर गाडीत सामान भरताहेत. हा कागद त्यांच्या हातात द्यायला दहा पावलं चालायची आहेत. मी तो घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवते आहे. काल सगळ्यांबरोबर मीही हसले होते.