लिफ्ट मागच्या बाजूला आहे

४ मार्च
चि. चिमणीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन सदा गुंतलेला, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुझी आई आहे तशी आहे. हाडं काचेची झाली, जीभ मात्र अजून पोलादाची. पलंगावर बसून जांभळा झगा शिवते आहे. ताईने जन्मभर परक्या पोरांचे गणवेश शिवले, स्वतःच्या मापाचं हे पहिलंच. तुमच्या वस्तीच्या फॅशन शोमध्ये चाकाच्या खुर्चीतून सगळ्यांच्या शेवटी येणार म्हणून रोज आरसा मागते. मला म्हणते, खुर्ची तू ढकलणार, तर तुझाही अवतार जरा सुधार.

हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणे. लिफ्ट आहे का, ते स्वतः जाऊन बघ. मोबाइलमधल्या त्या दीडशहाण्याला विचारू नकोस.

माया आहेच, ती कुठे पळून जात नाही. आधी हॉल बघ.
तुझी मावशी

९ मार्च
ती. मावशीस चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, चॅटबॉटलाच विचारलं. लिफ्ट मागच्या बाजूला आहे, दार रुंद आहे, खुर्ची आरामात जाते, असं त्याने लिहून दिलं. इतकं नेमकं सांगतोय, तर खोटं कसं असेल? बायका, दिवे, गाणी, सगळं माझ्याच गळ्यात पडलंय, हॉलवर चक्कर मारायला सवड नाही. तुम्ही थेट मागच्या दाराशी या. आईला सांग, शेवटचं गाणं तिचं.

तुझी बोलणी खाऊनच मोठी झाले, ती चालू ठेव.
तुझी चिमणी

२२ मार्च
चि. चिमणीस आशीर्वाद. द्यायला हात उठत नव्हता, तरी देते.

कार्यक्रमानंतर तुझे फोन आले, मी घेतले नाहीत. आता ऐक. मागे लिफ्ट नव्हती. रिकामे खोके होते आणि एक गळका नळ. मी खुर्ची ढकलत इमारतीभोवती फिरले, तुला फोन लावत राहिले. तू वर दिव्यांच्या झगमगाटात. तुझ्या दोन मैत्रिणी खाली आल्या, उचलून नेतो म्हणाल्या. ताई म्हणाली, मी गाठोडं होऊन वर जाणार नाही.

मग जिन्यापाशी बसलो. वर टाळ्या पडल्या की ती मान वर करायची. शेवटचं गाणं लागलं, तेव्हा तिने मांडीवरचा झगा नीट केला. गाणं संपल्यावर म्हणाली, चल.

तेव्हापासून अंथरूण धरलंय. कामं टाक आणि ये.
मावशी

११ एप्रिल
ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आईला स्मशानात पोचवून परत आले, पण घरात पाय ठरत नाही. मी आले तोवर तिची वाचा गेली होती. काहीच विचारता आलं नाही.

लिफ्टचं त्या चॅटबॉटला सांगितलं, तर लगेच म्हणाला, चूक झाली, क्षमा करा. मग मी विचारलं, आई माझ्यावर रागावली होती का. म्हणाला, आईचं तुमच्यावर फार प्रेम होतं, तिने तुम्हाला नक्की माफ केलं. वाचून बरं वाटलं. मग लिफ्ट आठवली.

म्हणून तुला विचारते. तू तिच्याजवळ होतीस.
तुझी चिमणी

१६ एप्रिल
चि. चिमणीस आशीर्वाद.

विचारलंस, तर खरं सांगते. रागावली होती. गाडीत म्हणाली, एकदा खाली यायला तिला काय झालं होतं. घरी आल्यावर झगा उतरवायला लावला, पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी तिच्या उशाशी होते, तरी माहीत नाही. तू पलंगाशी बसलीस तेव्हा तिने तुझा हात धरला, ते मी पाहिलं. पण तोवर तिला माणूस ओळखू येत होतं का, ते सांगता येत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी काहीबाही लिहिणार नाही.

इकडे ये. रडायचं ते इथे येऊन रड. मीही एकटीच आहे.
तुझी मावशी