दम काढ

६ मार्च १९८९
नौपाड्यात नोकरी लागली! दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचा स्टुडिओ, भिंतींना जाड गाद्या. मालक त्र्यंबकशेठ भजनांच्या कॅसेटी काढतात. पहिल्याच दिवशी त्यांनी हातात ब्लेड दिलं. गाणारी बाई दोन ओळींमध्ये श्वास घेते, तेवढी टेप कापायची आणि टोकं चिकटवायची. याला इथे ‘दम काढणं’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत माझा हात बसलासुद्धा.

९ मार्च
आज विठ्ठलवाडीचे विश्रामदादा आले. लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात, पण ही कॅसेट त्यांची स्वतःची, जॅझची. सोबत ड्रम, ट्रम्पेट आणि बेस, बस्स. ना मुखडा, ना सम. चौघं चार दिशांना पळतात, मग विश्रामदादा मोठ्ठा श्वास ओढतात आणि बाकीचे थबकतात. मला ओ की ठो कळलं नाही, तरी अंगावर काटा आला. वीस वर्षं हेच डोक्यात होतं, म्हणाले.

११ मार्च
शेठ गावी गेलेत. टेपच्या डब्यावर विश्रामदादांची चिठ्ठी: ‘चार दिवस दम काढ. मग बसू.’ चार दिवस कशाला? मी एका दिवसात उरकलं. त्रेसष्ट दम निघाले. तुकडे बिस्किटांच्या डब्यात टाकले. आता सॅक्सोफोन कुठे थांबतच नाही. ऐकता ऐकता छाती बधिर झाली. दमलो असेन.

१३ मार्च
विश्रामदादांच्या बायको, मंजुळावहिनी, आल्या. परवापासून दादांना दम पुरत नाही. सोडतात मोठा, आत येतो चिमूटभर. डॉक्टरांना काही सापडत नाही. मी केलेलं काम सांगितलं, चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाल्या, अरे, दम काढ म्हंजे जरा थांब, असं लिवलंय त्यांनी.
मला काहीच वाटलं नाही. हात गार पडले, एवढंच.

१४ मार्च
तुकडे परत चिकटवतोय. कुठला कुठे — खूण केलेली नाही. वीस बसवले. खाली दवाखान्यात फोन आला, कंपाउंडर सांगून गेला: विश्रामदादा उठून बसलेत. मग एक उलटा लागला — लगेच दुसरा फोन. सोडवून सुलट केला. भीती वाटायला हवी. वाटत नाही. माणूस मरेल, हे नुसतं कळतंय.

१५ मार्च, दुपार
बासष्ट. डबा रिकामा. एक तुकडा — केरात गेला असेल — केर काल सकाळीच नेला.
खाली फोन वाजतोय. पुन्हा.
जागा एकच, शेवटच्या सुराआधीची. मशीन चालू केलं. चूक माझी, तर दम माझा. आता भीती वाटतेय. खूप.
घेतला — टेपवर आला. कापला. चिकटवला.
कंपाउंडर जिन्यातून ओरडतोय, दादांना मोठा दम आला —
माझा मात्र अजून बाहेर ये