इंदुताईंची टेप आणि फिजिक्सचं लोहचुंबक

१२ ऑक्टोबर १९८३, बेळगाव
आजपासून रोज लिहायचं. कॉलेजच्या संगणक-केंद्रातल्या टेप-विभागाच्या प्रमुखाला शिस्त हवी. (विभागात मी एकटाच आहे.) संशोधकांचा डेटा वर्षानुवर्षं जपणं म्हणजे चेष्टा नाही.
सकाळी टिळकवाडीच्या इंदुताई आल्या होत्या. निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर त्यांची पीएच.डी. आहे. सात वर्षं दारोदार विचारून जमवलेलं सगळं आमच्या एका टेपवर. सुखरूप आहे ना, म्हणाल्या. म्हटलं, पहिल्या दिवसापासून सांगतोय, पन्नास वर्षं हलायचं नाही. मूळ कागदांची आणि भोकं पाडलेल्या पंचकार्डांची पोती मीच त्यांना रद्दीत घालायला लावली. घरात वाळवी कशाला पोसायची? दिवाळीनंतर टेप न्यायला येणार आहेत.

१५ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजा झकास. नियोजन माझं. सगळ्या विभागांची हत्यारं आमच्या खोलीत मांडली, कारण एसी फक्त इथे. संगणकाला हार घातला. एक तरी टेप पूजेत हवीच, म्हणून सगळ्यात मानाची काढली, इंदुताईंची. तिच्यावर फिजिक्सवाल्यांचं भलंमोठं लोहचुंबक. हळदकुंकू, नारळ, फोटो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चहा पिताना आठवलं. टेपवर जे लिहिलं जातं ते चुंबकानेच, आणि पुसलंही चुंबकानेच जातं.
धावत गेलो. ऑपरेटर मायाप्पा कुलूप लावत होता. म्हणाला, सुबरावअण्णा, आता हात लावू नगासा, हत्यारं निजल्यात. उद्या दसऱ्याची पूजा झाली की उठवू. मी परत आलो. घाबरलो म्हणून नव्हे. रीत मोडणं बरं दिसत नाही.

१६ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटायच्या आधी चुंबक उचललं. टेप बाहेरून उत्तम. कुंकू पुसलं. यंत्रावर लावून बघता आली असती, पण सणाच्या दिवशी कशाला?

२० ऑक्टोबर
उद्या टेप लावून बघणार. नक्की.

२१ ऑक्टोबर
वीज गेली. बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर
वीज होती. यंत्र मोकळं होतं. मायाप्पाही मोकळा होता. मला पित्त झालं.

४ नोव्हेंबर, दिवाळी
करंज्या जात नाहीत. फटाका वाजला की दार वाजल्यासारखं वाटतं. बायको विचारते, झोपेत ताई, ताई करून ओरडता, ती कोण? खरं सांगण्यापेक्षा संशय परवडला.

९ नोव्हेंबर
इंदुताईंचा निरोप. सोमवारी येतात.
उपाय सुचला. टेप बघायचीच नाही, तिची सरळ नक्कल करायची. मग दोन टेपा होतील. दोन्ही कशा कोऱ्या निघतील?

१० नोव्हेंबर, दुपारी
मायाप्पा जेवायला गेला तेवढ्यात नक्कल केली. नक्कल उतरवायला परीक्षा विभागाची एक जुनी, नको असलेली टेप घेतली. टेपच्या पाठीत प्लास्टिकची कडी बसवली तरच तिच्यावर लिहिता येतं, म्हणजे चुकूनही काही पुसायची भीती नाही. दार आतून लावून घेतलं ते एसीची हवा जाऊ नये म्हणून. काम फत्ते.

११ नोव्हेंबर
फिजिक्सचे परशराम सर चुंबक न्यायला आले. मी सहज, अगदी सहज विचारलं. ते पोट धरून हसले. अहो, हे विजेवरचं चुंबक. करंट सोडला नाही तर नुसतं लोखंड आहे ते. तुमच्या टेपला काय होतंय?
मी कधी घाबरलो होतो? सगळ्यांना चहा सांगितला. मग ऐटीत मायाप्पाला म्हटलं, लाव ती इंदुताईंची टेप, चार ओळी छाप.
छापून आले १९८१ च्या परीक्षेचे बैठक क्रमांक.
मायाप्पाने टेप काढून उलटी केली. म्हणाला, अण्णा, कडी हिच्यातच घातलासा की. परीक्षेचं जुनं हिच्यावर उतरलंय समदं, ताईंचं गेलं.
चहा तसाच राहिला. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो.

१४ नोव्हेंबर
दोष एसीवर ढकलायचं ठरवून गेलो होतो. इंदुताईंना पाहिलं आणि सगळं बोलून गेलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. टेप हातात घेऊन खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, रविवारी निपाणीला चला माझ्याबरोबर. पुन्हा पहिल्या घरापासून विचारायचं.

२० नोव्हेंबर, निपाणी
पहिलं घर तानीबाईंचं. इंदुताईंना सगळ्यात जास्त सांगितलं ते ह्या बाईने. सून मालुबाई दारात आली. म्हणाली, आत्ती न्हाईत बाई आता, श्रावणात गेल्या. खोकला वाढला लई.
इंदुताई उंबऱ्यातच बसल्या. मी चपला काढू की नको ह्या विचारात उभा.
मालुबाईने पाणी आणलं. म्हणाली, पर तुमी समदं लिवून घेतलासा नव्हं? आत्ती सांगायच्या, माजं बोलनं बेळगावात मशिनीत ठेवलंय, पन्नास वर्सं ऱ्हातंय म्हनं. एकदा वाचून दावा की आमास्नी.
इंदुताईंनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, पुढच्या खेपेला घेऊन येतो.