गंधालीला टेन्शन नको

३ एप्रिल २०१७, रायपूर
नव्या राजधानीच्या ऑफिसला जाताना बसमध्ये लेख वाचला. आईने टेन्शन घेतलं की तिच्या पोटातले जंतू बिघडतात, तेच बाळाला मिळतात आणि मेंदू घडताना घोळ होतो. बायकोला, गंधालीला, सहावा महिना लागलाय. आजपासून घरात टेन्शन बंद. तिला बजावून सांगितलं. म्हणाली, हळू बोला न. हळूच बोलत होतो.

९ एप्रिल
शेजारच्या कमलादीदीने बासी पाठवली. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, जंतूंनी भरलेला. मोरीत ओतला. गंधालीला त्याचेच डोहाळे, हे मला कोणी सांगितलं होतं? कमलादीदीला गॅलरीतूनच झापलं. सगळ्या पाऱ्याने, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याने ऐकलं, बरं झालं. गंधाली रडली. हार्मोन्स.

१० एप्रिल
लेखाचं दुसरं पान वाचलं. आंबवलेल्या अन्नातले जंतू चांगले म्हणे. संपादक नालायक, महत्त्वाचं मागे छापतो. कमलादीदीकडे बासी मागायला गेलो. हव, म्हणजे हो, म्हणाली आणि दार लावून घेतलं. लोकांना विज्ञान नको.

२२ एप्रिल
गंधालीचं बीपी वाढलंय. उघड आहे, सासूबाईंचे भंडाऱ्याहून फोन. फोन बंद करा म्हणून कळवलं. सासूबाई वनमालाबाई म्हणाल्या, मंग मीच येऊन राहिली. ही बाई मुद्दाम करते.

७ मे
डोहाळजेवण. बायकांना दारातच साबण दिला. गाणी नकोत, ताण येतो, असं समजावलं. मागच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागला. निम्म्या ओटी न भरताच गेल्या. त्यांचे संस्कार.
संध्याकाळी सासूबाई तिला भंडाऱ्याला घेऊन गेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणे. माझ्या देखरेखीशिवाय? बॅग आधीच भरलेली होती. कट.

२५ मे
भंडाऱ्याहून निरोप. बीपी नॉर्मल. माझ्या मेहनतीला उशिरा का होईना फळ आलं. आभार कोणी मानले नाहीत.

१९ जुलै, भंडारा
मुलगी. शांत झोपली होती. मी नर्सला एवढंच विचारलं की पंखा एवढा जोरात काहून? पोट्टी दचकून किंचाळली. मी बाहेर गेलो, ती गप्प. आत येऊन बोललो, पुन्हा सुरू. मला भीती वाटली. मेंदूतच काही बिघडलं असेल तर? डॉक्टरांना ओढत आणलं. त्यांनी नीट तपासलं. मेंदू उत्तम, कानही उत्तम.
गंधाली म्हणाली, पोटातून ऐकूनच राहिली होती न ती. आवाज ओळखते तुमचा.
बाहेरच्या बाकावर बसलोय. सासूबाई सांगून गेल्या, आत यायला हरकत नाही. बोलायचं नाही.